रिले, काठी आणि माझा गुडघा

५ डिसेंबर १९७७, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "बिराजदार सर, एक वही करा. गुडघा कधी दुखतो, काय केल्यावर दुखतो, रोज लिहा. महिन्यानं मला दाखवा."

गुडघा: दुखतो. उजवा.

झालं लिहून. आता उरलेल्या पानाचं काय करू? जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावले, माझ्याच्यानं एका ओळीवर कसं थांबवेल? तेव्हा खरं काय ते लिहितो. ही वही डॉक्टरांना दाखवायची नाही हे आत्ताच ठरवून टाकलं.

डॉक्टर मूळचे साताऱ्याचे, सोलापुरात नवे. मी म्हटलं, "संक्रांतीला काठी धरायची आहे, तेवढ्यापुरता गुडघा नीट करा." ते म्हणाले, "धरा की. काठी घेऊन चालाल तर आरामच पडेल." मी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्यांना गाव काठ्या म्हणतं. काठी घराच्या माडीपेक्षा उंच. तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात घ्यायचं, दोन्ही हातांनी एकट्यानं सरळ तोलायची आणि गर्दीतून चालायचं. एक दमला की दुसरा घेतो. अक्षतेच्या दिवशी, म्हणजे सिद्धरामांचं लग्न लागतं तेव्हा, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापर्यंतचा शेवटचा टप्पा माझा असतो. बावीस वर्षं माझाच आहे, त्याआधी माझ्या थोरल्या भावाचा, आमच्या अण्णाचा होता.

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, "मुळीच धरायची नाही. भर गर्दीत गुडघा मुडपला तर?"

मी म्हटलं, बघू. बघायचं काय आहे त्यात? काठी माझी आहे.

९ डिसेंबर, शुक्रवार

गुडघा: जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. म्हणजे वरच राहावं.

आज शाळेत ड्रिलचे ईरप्पा सर आले. यंदा गॅदरिंगला त्यांनी रिलेची शर्यत ठेवली आहे. "सर, पोरं विचारायलीत रिले म्हणजे काय. मी सांगितलं, दांडकं हातात देऊन पळायचं. बरोबर आहे की?"

मी म्हटलं, बरोबर आहे, पण अर्धवट. नक्की काय ते मलाही ठाऊक नव्हतं, पण इंग्रजीच्या मास्तरानं ते कबूल करायचं नसतं. सुट्टीत वाचनालयातला जाडा कोश काढला आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. शब्द शिकारीतला निघाला! हरिण कुठल्या वाटेनं पळणार याचा अंदाज घेऊन, जुने शिकारी त्या वाटेवर जागोजागी ताजी कुत्री धरून बसवत. पहिली कुत्री दमली की वाटेवरची ताजी सोडायची. या ताज्या कुत्र्यांना म्हणायचे रिले. पुढे कुत्र्यांच्या जागी टप्प्याटप्प्यावर घोडे आले, मग गिरणीतल्या पाळीचे कामगार, मग तारखात्यातलं यंत्र, मग पुण्याच्या बातम्या सांगलीहून ऐकवणारी आकाशवाणी, आणि सगळ्यात शेवटी आमचे ईरप्पा सर आणि त्यांचं दांडकं.

एवढा आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता. हेडमास्तरांना सांगायला गेलो तर त्यांनी तिथल्या तिथं एकवीस जानेवारीला शिक्षक मंडळात माझं व्याख्यान ठेवून टाकलं. आपणच आपल्या हातानं ओढवून घेतलं.

१४ डिसेंबर, बुधवार

गुडघा: तसाच.

आमच्या गुरूचं काहीतरी बिनसलं आहे. गुरुलिंग म्हणजे अण्णाचा मुलगा. अण्णा गेल्यापासून आमच्याकडेच असतो, सूतगिरणीत कारकून आहे. पहाटेच्या भोंग्याआधी उठून कुठंतरी जातो आणि पायाला माती लावून परत येतो. भाकऱ्या दुप्पट खायला लागलाय. काल सदरा बदलताना पाहिलं तर तळहाताला फोड आणि कंबर लालभडक. विचारलं तर म्हणाला, "काही नाही काका, व्यायाम." या वयात मला सांगतोय व्यायाम! मुलीची भानगड असणार. बायकोला, गौरम्माला म्हटलं, जरा लक्ष ठेव. ही शिवणाच्या मशीनवर मान खाली घालून म्हणाली, "ठेवलंय की."

ती माझ्यासाठी नवी बाराबंदी शिवते आहे. काठी धरायची तर पांढरी बाराबंदी लागतेच. मी घालून बघितली तर खांद्यात सैल, बाह्या बोटांच्या पुढे.

"अगं, मी काय पैलवान आहे?"

"मांजरपाट आहे. धुतल्यावर आटतंय."

आटेल, आटेल. पण एवढं? बायकांना मापं कळत नाहीत असं म्हणायची सोय नाही, कारण इतकी वर्षं माझे सदरे तिनंच शिवले आणि एकही चुकला नाही.

१८ डिसेंबर, रविवार

गुडघा: तेल लावलं. वास बरा येतो, दुसरा गुण नाही.

व्याख्यानाला मोठंच घबाड हाती लागलं. शिकारीतली ताजी कुत्री केव्हा सोडायची, याला वेळेप्रमाणे तीन वेगळे शब्द होते! दमलेली कुत्री येऊन पोचायच्या आतच ताजी सोडली तर व्हॉन्टले. ती येऊन मिळाली की सोडली तर अ‍ॅले. आणि त्यांना पुढे जाऊ देऊन मग त्यांच्या मागं सोडली तर रिले. पहिले दोन शब्द मेले, तिसरा जगला. का जगला याचं कारण मी असं देणार आहे, की उतावळेपणा टिकत नाही. कारण माझ्या पदरचं आहे, पण व्याख्यानात खपून जाईल.

जेवताना हे सगळं सांगितलं. गौरम्मा म्हणाली, "एन्री, अहो, आमटी गार व्हायलीय. कुत्री मग सोडा." पण गुरू घास हातात धरून ऐकत बसला. या मुलाला शब्दांची गोडी आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं.

म्हणाला, "काका, पण ताजं कुत्रं कधी सोडायचं हे ठरवतं कोण?"

"ज्याच्या हातात दोरी आहे तो माणूस."

"आणि त्या कुत्र्याला घाई झाली तर?"

"तर शिकार गेली. थांबता येणं हीच त्याची हुशारी."

मग भाकरी मोडत म्हणाला, "दमलेल्या कुत्र्यांना वाईट वाटत असेल का हो?"

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "कुत्र्यांना कसलं वाईट वाटतंय, वेड्या?" गौरम्मानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि दोघं माझ्याकडे बघतच राहिले. प्रश्न चांगला आहे, व्याख्यानात घ्यावा.

२५ डिसेंबर, रविवार

गुडघा: महादेवप्पांच्या ओसरीवर मांडी घालून बसलो, उठताना ब्रह्मांड आठवलं. पण चेहरा हलू दिला नाही.

आज पाळ्या ठरल्या. आमच्या काठीच्या माणसांत महादेवप्पा वडीलधारे, ते सांगतील ते प्रमाण. मी घरून भांडायची तयारी करून गेलो होतो. माझा टप्पा काढून घेतला तर काय काय बोलायचं, ते वाटेत दोनदा म्हणून पाहिलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शेवटचा टप्पा सरांचा. तुमची जागा तुमचीच हाय की हो सर. कोण घेणार?"

आता आली का पंचाईत! भांडण नाही म्हटल्यावर ते सगळं बोलणं पोटातच राहिलं आणि आंबट ढेकर येत राहिले.

"फकस्त शेजारी तुमचा गुरू चालंल," महादेवप्पा म्हणाले. मी म्हटलं, माझ्या शेजारी आजवर कोणी चाललेलं नाही. ते म्हणाले, "यंदा गर्दी लई हाय." बाकीचे सगळे एकदम पान लावायला लागले. गर्दी दरवर्षीच लई असते. कुणीतरी माझ्या गुडघ्याची चहाडी केली आहे. हा डॉक्टरांचाच उद्योग असणार.

१ जानेवारी १९७८, रविवार

आज सरावाला गेलो. काठी घेतली आणि सगळं विसरलो. तिचं वजन कमरेत बसलं की माणूस जमिनीत रोवल्यासारखा होतो, मनात दुसरं काही येतच नाही. मला हे फार आवडतं. देवाचं काय ते देव जाणे, मला काठीच आवडते.

वळणावर गुडघा लटपटला. एवढासाच. तोवर गुरूचे दोन्ही हात काठीवर आले सुद्धा! मी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो, "व्हॉन्टले! हात काढ!" कुणाला काही कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं हात काढले, कान लाल झाले. दिवसभर माझ्याशी बोलताना "हो काका", "नाही काका" याच्यापुढे गेला नाही.

५ जानेवारी, गुरुवार

गुडघा: आज खरं लिहितो. सकाळी फळ्यावर लिहिताना एकाएकी पायातलं बळच गेलं. टेबल धरलं म्हणून वाचलो. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते. दुखण्याची नाही. काठी कलेल याची. एवढी उंच काठी, खाली लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं, पोरं. आणि समजा कुणाला लागलं नाही, तरी बिराजदारांच्या हातून काठी कलली हे गाव माझ्या तेराव्याला सुद्धा बोलेल. हे सगळं मला समजतं. तरी महादेवप्पांकडे जाऊन "नको" म्हणायला जीभ उचलत नाही. काठी गेली की मग मी कोण? पोरांना क्रियापदं पाठ करायला लावणारा एक म्हातारा.

अण्णाची आठवण झाली. त्याला धाप लागायची. बावीस वर्षांमागं कट्ट्याच्या अलीकडे त्यानं काठी माझ्याकडे दिली, पण दिल्यावर घरी जायचं की नाही? कट्ट्यापर्यंत माझ्या मागून चालत आला. "डावीकडं घे. मान वर ठेव. अरे पाय बघ पाय!" तोंड म्हणून मिटलं नाही. एवढा राग आला होता मला! इतक्या लोकांत माझी अब्रू घालवतो म्हणून दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

९ जानेवारी, सोमवार

गुडघा: शेकला.

व्याख्यान लिहून संपवलं. शेवटी एक गोष्ट घातली आहे. रिले या शब्दाच्या पोटात जुन्या फ्रेंचमधलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ सोडणं, मागं ठेवून जाणं. मला वाटलं होतं धरणं, पकडणं असा काहीतरी अर्थ असेल. हे गौरम्माला वाचून दाखवलं. ती तीळ निवडत होती. म्हणाली, "एवढी पुस्तकं कशाला हुडकली? मी लग्न झाल्यापासून तेच सांगतेय. बिड्री!" बिड्री म्हणजे कानडीत सोडा हो. भांडण असो, पेपर असो, दुसऱ्यांदा मागितलेला चहा असो, हिचं एकच, बिड्री. मी म्हटलं, तुझा आणि फ्रेंचांचा काही संबंध नाही.

बाराबंदी दोनदा धुतली. तसूभर आटलेली नाही. मी जुनीच घालणार आहे.

१२ जानेवारी, गुरुवार

गावभरच्या अडुसष्ट लिंगांना तेल घालायची मिरवणूक झाली. आज आमची काठी दुसऱ्यांच्या हातात होती, मी नुसता बरोबर चाललो. नुसतं चालून गुडघा टम्म सुजला. गौरम्मानं पट्टी बांधली.

"उद्या जमेल की नाही?" मीच विचारलं.

"जमेल तेवढं जमेल," ती म्हणाली. "तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?"

१३ जानेवारी, शुक्रवार, भोगी

अक्षता झाली. आल्या आल्या लिहायला बसलोय.

महादेवप्पांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला. काठी घेतली. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" असा गजर झाला आणि माझ्या अंगावर दरवर्षीसारखाच काटा आला. गुरू शेजारी, अंगावर शाल. एवढ्या उन्हात शाल कशाला पांघरली म्हणून मी मनात चडफडलो.

निम्मी वाट छान गेली. छान म्हणजे कशी, मला वाटलं डॉक्टरांच्या घरावरून काठी न्यावी. मग तळ्याकडे वळलो, तिथं जरा उतार आहे. मी आधीच लिहिलंय, उतरताना दुखतो. एकेक पाऊल कुणीतरी सुईनं टोचावं तसं पडायला लागलं. घाम डोळ्यांत गेला. काठीचं टोक हललं. लोकांना दिसलं नसेल, मला कळलं.

मी तिरक्या नजरेनं गुरूकडे पाहिलं. वाऱ्यानं त्याची शाल सरकली होती. आत नवी पांढरी बाराबंदी! खांद्यात बरोबर, बाह्या मनगटावर बरोबर. कमरेला काठीचा पट्टा घट्ट बांधलेला. हाताचे फोड जाऊन घट्टे पडले होते. पहाटेची माती, दुप्पट भाकऱ्या, महादेवप्पांची गर्दी, मांजरपाट, सगळं एका क्षणात डोक्यात शिरलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि मी गाढवासारखा शब्दकोश चाळत बसलो होतो!

राग यायला हवा होता. आला नाही. कारण गुरू माझ्याकडे बघतच नव्हता. समोर बघत चालला होता, दोन्ही हात मागं बांधून. एक हात सुद्धा पुढं करत नव्हता. ओठ मात्र दातांत धरलेला. काठी पुन्हा हलली, त्याला ती दिसली असणारच, तरी हात मागेच. त्या दिवशी मी ओरडलो होतो ना! मी सांगितल्याशिवाय तो हात लावणार नव्हता. माझ्या भावाचं पोर उन्हात घामाघूम होऊन थांबलं होतं, आणि दोरी माझ्या हातात होती.

मी म्हटलं, "घे."

"काका, तुमचं होऊ द्या की आधी. कट्टा आला."

"माझं झालं. घे म्हणतो ना!"

त्यानं शाल टाकली, पट्टा पुढं केला. बूड माझ्या कमरेतून त्याच्या कमरेत गेलं. हात काढायचे राहिलेच माझे. काढवेनात. तो म्हणाला, "काका, सोडा आता," आणि मी सोडले. कंबर एकदम हलकी झाली. रडू आलं. लोकांना वाटलं असेल घाम.

महादेवप्पा म्हणाले, "सर, बाजूला बसा, पाणी आणतो." मी बसतोय कशाला! मी गुरूच्या मागून निघालो, लंगडत. कट्ट्यापाशी धक्काबुक्की फार. "गुरू, डावीकडं घे. मान वर! अरे पाय बघ पाय!"

तो मागं न बघता म्हणाला, "काका, गप बसा की. लोक बघायलेत."

बघू देत. मी कट्ट्यापर्यंत गप बसलो नाही. अक्षता पडल्या तेव्हा काठी दीपमाळेसारखी सरळ उभी होती. बायकांच्या गर्दीतून गौरम्मानं टाकलेल्या अक्षता काठीवर कमी आणि माझ्या डोक्यावर जास्त पडल्या. नेम तिचा कधी चुकत नाही.

अण्णा, तू मागून का येत होतास ते आज कळलं रे.

१५ जानेवारी, रविवार

गुडघा: भोपळा झालाय. दिवसभर खाटेवर.

गुरू माझ्याशी बोलत नाही. इतक्या लोकांत ओरडलो म्हणून फुगलाय. खाटेजवळून जाताना तीळगूळ ठेवून गेला, "गोड बोला" म्हणाला नाही. मी गौरम्माला म्हटलं, उद्यापर्यंत निघेल राग, आमच्या घराण्यात तो दोनच दिवस टिकतो. मजेत आहे मी. गव्हाची गोड हुग्गी दोनदा खाल्ली.

२१ जानेवारी, शनिवार

व्याख्यान झालं. शिक्षक मंडळाचे सगळे आले, गुरू सुद्धा गिरणीतून आला आणि मागच्या बाकावर बसला. घोडे, तारखातं, आकाशवाणी, सगळं रंगलं. दांडक्याला मी सर्वांत शेवटी आणलं म्हणून ईरप्पा सरांनी तोंड वाकडं केलं, पण टाळ्या वाजवल्या.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. कोणी उठेना. मग मागून गुरू उठला. गंभीर चेहरा करून म्हणाला, "सर, ताजी कुत्री पुढं गेल्यावर दमलेल्या कुत्र्यांचं काय व्हायचं?"

मी चष्मा काढून पुसला.

म्हटलं, "पुस्तकात दिलेलं नाही. पण मला माहीत आहे. ती घरी जात नाहीत. शेवटपर्यंत मागून येतात आणि सारखी भुंकत राहतात."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं गुरू हसला. मग पुढं येऊन त्यानं माझी पिशवी उचलली, आणि घरापर्यंत मी त्याच्या खांद्यावर हात टाकून चाललो.

गुडघा: दुखतो. दुखू दे.